वाद वाढू न देणाऱ्या वकील : पुण्यातील एका कौटुंबिक वकिलांच्या सेवेविषयी

पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात परस्पर संमतीने घटस्फोट घेताना मी ज्या वकील मॅडमची मदत घेतली, त्यांच्या कामाचे हे परीक्षण आहे. त्यांचे नाव मी देत नाही, आणि त्याला दोन कारणे आहेत. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलांना स्वतःची जाहिरात करता येत नाही, त्यामुळे आपले नाव कौतुकासह सर्वत्र फिरलेले त्यांना नको आहे. शिवाय त्यांचे नाव आले की माझ्या मुलाची आणि त्याच्या वडिलांची ओळख पटायला वेळ लागणार नाही. तरीही हे लिहिणे मला आवश्यक वाटते. मुलीचे लग्न ठरवताना दहा ठिकाणी चौकशी करणारी आपली माणसे घटस्फोटासाठी वकील निवडताना मात्र ओळखीतून आलेल्या पहिल्याच नावावर थांबतात, कारण ही चौकशी चारचौघांत करायची त्यांना लाज वाटते. वकिलांची निवड चुकली, तर जो प्रश्न एका वर्षात शांतपणे सुटू शकतो तोच प्रश्न तीन-चार न्यायालयांत विभागला जातो, आणि मधल्या काळात मूल मोठे होत राहते.

या मॅडमकडे जाण्यापूर्वी मी नात्यातल्या एका गृहस्थांनी सुचवलेल्या दुसऱ्या वकिलांना भेटले होते. त्यांनी माझे म्हणणे थोडक्यात ऐकले आणि पुढच्या भेटीत एका अर्जाचा मसुदा माझ्यासमोर ठेवला. माझ्या सासरी हुंड्याची मागणी कधी झाली नव्हती. मसुद्यात ती होती. सासूबाईंनी मला उपाशी ठेवल्याचे त्यात लिहिले होते, आणि ज्या नणंदेशी माझे आजही बोलणे आहे तिचेही नाव प्रतिवादींच्या यादीत होते. ‘असे लिहिल्याशिवाय समोरचा माणूस बोलणी करायला येत नाही’, असे मला समजावण्यात आले. सोबत पोलिसांत तक्रार, पोटगीचा स्वतंत्र अर्ज आणि कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज असे तीन-चार मार्ग एकाच वेळी धरण्याचा सल्ला होता, आणि प्रत्येकाची फी वेगळी होती. मी वकीलपत्रावर, म्हणजे वकिलांना आपल्या वतीने उभे राहण्याचा अधिकार देणाऱ्या कागदावर, सही केलेली नव्हती, म्हणून मला सहज मागे फिरता आले. एकदा वकीलपत्र दिले की वकील बदलताना आधीच्या वकिलांचे ‘ना हरकत’ घ्यावे लागते, आणि फी थकलेली असेल तर ते मिळायला त्रास होतो. पहिल्या भेटीत वकीलपत्रावर सही करू नये, एवढे मी कुणालाही सांगेन.

मॅडमच्या कार्यालयात मी आई आणि मामांना घेऊन गेले होते. त्यांनी दोघांना नमस्कार केला, पाणी दिले, आणि बाहेरच्या खोलीत बसण्याची विनंती केली. मामा थोडे नाराज झाले, पण मॅडमनी आपला शब्द बदलला नाही. दार लावून घेतल्यावर त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न कायद्याचा नव्हता. घरी कधी हात उचलला गेला का, धमकी दिली गेली का, पगाराचे एटीएम कार्ड कुणाकडे असते, तुम्हाला परत त्या घरात कपडे आणायला जायची भीती वाटते का, असे त्या एकेक विचारत गेल्या आणि मी उत्तर देईपर्यंत थांबत गेल्या. यांतल्या कशाचेही उत्तर ‘होय’ आले असते तर आपले बोलणे वेगळ्या दिशेने गेले असते, असे त्यांनी नंतर सांगितले. मग २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली संरक्षण, राहण्याची जागा आणि खर्च यांसाठी लगेच अर्ज करावा लागला असता, आणि क्रूरतेची तक्रार, जी पूर्वी भारतीय दंड संहितेच्या ४९८-अ या कलमाखाली होत असे आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ व ८६ खाली होते, तीही करण्याचा विचार झाला असता. अशी तक्रार खरी असेल तर ती संसार टिकवण्याच्या आशेने दाबून ठेवू नये आणि खरी नसेल तर बोलणी घडवून आणण्यासाठी वापरू नये, ही त्यांची भूमिका पहिल्याच अर्ध्या तासात स्पष्ट झाली. आईसमोर यांतल्या प्रश्नांची उत्तरे देणे कोणत्याही मुलीला जड जाते. नातेवाइकांना बाहेर बसवण्याचा हा लहानसा नियम मला त्यांच्या सेवेतील सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

त्यानंतर त्यांनी विवाह कोणत्या कायद्याखाली झाला हे विचारले, कारण पुढचा सगळा मार्ग त्यावर ठरतो. आमचा विवाह विधिपूर्वक झालेला, म्हणजे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखालचा. नोंदणी पद्धतीने, म्हणजे १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलेल्यांना संमतीच्या घटस्फोटासाठी त्या कायद्याचे कलम २८ लागू होते. आम्हाला हिंदू विवाह कायद्याचे कलम १३-ब, जे १९७६ च्या दुरुस्तीने आले. त्यांनी एका कोऱ्या कागदावर तीन रकाने पाडले आणि न्यायिक विभक्तता, एकतर्फी (दोघांपैकी एकानेच मागितलेला) घटस्फोट व संमतीचा घटस्फोट यांत काय सिद्ध करावे लागते, साधारण किती काळ लागतो आणि कोणत्या टप्प्यावर माघार घेता येते हे लिहून दाखवले. कलम १० खालची न्यायिक विभक्तता म्हणजे विवाह कायम ठेवून एकत्र राहण्याच्या बंधनातून सुटका. ज्यांना घटस्फोटाचा निर्णय इतक्यात घ्यायचा नाही त्यांच्यासाठी तो मार्ग खुला असतो, हे मला तोपर्यंत कुणी सांगितले नव्हते. तो कागद माझ्याकडे अजून आहे. कुठल्याही रकान्यावर त्यांनी बोट ठेवले नाही. ‘आठ दिवस घ्या, आणि निर्णय झाल्यावर फोन करा, न झाला तरी चालेल’, एवढेच म्हणाल्या.

फीविषयी लिहितो तेव्हा आपण संकोचतो, पण परीक्षणात ते आले पाहिजे. त्यांनी फी तीन टप्प्यांत लिहून दिली : मसुदा आणि बोलणी, अर्ज दाखल करणे, आणि अंतिम तारखेपर्यंतचे काम. माझ्या बाबतीत ती सर्व मिळून ६५,००० रुपये झाली आणि प्रत्येक टप्प्याची पावती मिळाली. टंकलेखन, नकला आणि नोटरी यांचा खर्च वेगळा होता, आणि तो वेगळा असेल हे आधी सांगितलेले होते. पोटगीच्या रकमेवर टक्का मागणारे वकील असतात, अशी माझ्या एका मैत्रिणीची तक्रार होती. मॅडमना विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की दाव्याच्या निकालावर किंवा मिळणाऱ्या रकमेवर अवलंबून असलेली फी ठरवणे बार कौन्सिलच्या नियमांना धरून नाही, आणि असा प्रस्ताव आला तर पक्षकाराने तिथेच नाही म्हणावे. पक्षकार स्त्री असेल तर घटस्फोट आणि पोटगीच्या प्रकरणांत महाराष्ट्र शासनाने कोर्ट फी माफ केलेली आहे, हेही त्यांनी न विचारता सांगितले. ज्या खर्चातून वकिलांना काही मिळत नाही तो वाचवण्याची आठवण वकिलांनी स्वतः करून द्यावी, यावरून माणसाची पारख होते, असे मला वाटते.

एकच वकील दोघांच्या वतीने अर्ज लिहितो, अशी पद्धत संमतीच्या प्रकरणांत सर्रास दिसते आणि त्यात खर्च वाचतो. माझ्या पतींनीही तेच सुचवले. मॅडमनी त्याला नकार दिला. मसुदा आपण करू, पण त्यांनी तो स्वतःच्या वकिलांना दाखवूनच सही करावी, असा निरोप त्यांनी माझ्यामार्फत न पाठवता स्वतः पत्राने पाठवला. सुरुवातीला मला तो वेळेचा अपव्यय वाटला, परंतु दोन्ही बाजूंनी नीट वाचलेल्या कागदावर पुढे कुणालाही ‘मला हे समजले नव्हते’ असे म्हणता येत नाही, आणि संमतीच्या घटस्फोटात खरी भीती तीच असते. सुरेष्टा देवी विरुद्ध ओम प्रकाश या १९९१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की हुकूमनामा, म्हणजे न्यायालयाचा अंतिम आदेश, होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतो. ज्या माणसाला शेवटच्या महिन्यात आपण फसवले गेलो असे वाटू लागते, तो नेमके हेच करतो.

बोलण्यांच्या आधी त्यांनी आम्हा दोघांकडून मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र भरून घेतले. रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या प्रकरणांसाठी या शपथपत्राचा नमुना घालून दिला आहे. संमतीच्या अर्जात तसा आग्रह नसतो, तरी मॅडम तो नमुना बोलण्यांचा पाया म्हणून वापरतात. त्यात पगाराच्या चिठ्ठ्या, आयकर विवरणपत्रे, बँकेची खाती, कर्जे, विमा आणि दरमहाचा खर्च बाबवार लिहायचा असतो. मी खर्चाच्या रकान्यात ‘मुलाचे शिक्षण’ असे लिहून एकच आकडा टाकला होता. तो त्यांनी खोडला. मग शाळेची फी, शाळेच्या व्हॅनचे पैसे, वह्या-पुस्तके, गणवेश, दुपारचे पाळणाघर, दम्याचा पंप, दातांचे डॉक्टर, वाढदिवसांची आहेरं असे एकेक करून त्यांनी माझ्याकडून लिहून घेतले, आणि मी अंदाजाने सांगितलेला आकडा प्रत्यक्षापेक्षा बराच कमी होता हे त्या टेबलावरच दिसले. ही यादी पतींसमोर गेली तेव्हा रकमेवर वाद झाला नाही. घरातला खर्च कुठे जातो हे त्यांना पहिल्यांदाच कळत होते, आणि त्यांच्या शपथपत्रातून त्यांच्या आईच्या उपचारांचे कर्ज मलाही पहिल्यांदा कळले. आमचे वर्षभर खुंटलेले बोलणे या दोन कागदांनी पुन्हा सुरू केले, हे मी अतिशयोक्ती न करता सांगते.

संमतीच्या अटींचा मसुदा हा त्यांच्या कामाचा गाभा आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहिते. पतींच्या वकिलांकडून आलेल्या मसुद्यात मुलाच्या भेटीविषयी ‘वडिलांना वाजवी वेळी मुलास भेटता येईल’ असे एक वाक्य होते. मॅडमनी लाल पेनने ‘वाजवी’ या शब्दाभोवती वर्तुळ काढले आणि त्याच्या बाजूला दुसरा व चौथा शनिवार, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, दिवाळीच्या सुट्टीचा पहिला किंवा दुसरा अर्धा भाग आळीपाळीने, मे महिन्यातील दोन आठवडे, बुधवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल, असे सगळे लिहिले. मुलाला आणायला आजी-आजोबा आले तर चालेल का, शनिवारी तो आजारी असेल तर भेट पुढच्या आठवड्यात मिळेल का, शाळेच्या अर्जावर आणि दाखल्यावर कुणाची सही, पारपत्र (पासपोर्ट) काढायचे झाल्यास दुसऱ्या पालकाने किती दिवसांत संमतिपत्र द्यायचे, हे प्रश्नही त्यांनी तेव्हाच विचारले. अल्पवयीन मुलाच्या पारपत्राला सहसा दोन्ही पालकांची संमती लागते आणि ऐन वेळी तीच अडते, हे त्यांना अनुभवाने माहीत होते. मुलाच्या खर्चाची रक्कम दरवर्षी किती वाढेल हेही अटीत आले. माझ्या स्वतःच्या पोटगीचा हक्क मी सोडू शकते, पण मुलाच्या पालनपोषणाचा हक्क आईला त्याच्या वतीने सोडून देता येत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितले.

माझी पोटगी एकरकमी ठरली. दरमहा मिळणारी पोटगी उत्पन्न म्हणून करपात्र ठरते आणि एकरकमी रक्कम भांडवली स्वरूपाची मानली जाते, असा मुंबई उच्च न्यायालयाचा १९८३ चा निर्णय आहे. परंतु मॅडमनी एवढे सांगून मला सनदी लेखापालांकडे (सीए) पाठवले आणि त्यांचे उत्तर आल्यावरच कलम लिहिले. रक्कम दोन धनाकर्षांनी (डिमांड ड्राफ्टने) द्यायची ठरली : निम्मी अर्ज दाखल करताना आणि निम्मी अंतिम तारखेला न्यायालयातच. स्त्रीधनाची यादी वेगळी झाली. पाटल्या, ठुशी, मोहनमाळ आणि आजीने दिलेली नथ यांचे वजन दोघांच्या समक्ष सराफाकडे करून घेतले गेले आणि त्या यादीवर दोघांनी सह्या केल्या. दागिने सासरी जाऊन आणायचे नाहीत, कार्यालयात पावती करून घ्यायचे, असा त्यांचा दंडक होता. स्त्रीधनावर केवळ पत्नीचा हक्क असतो हे सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात १९८५ मध्येच सांगितले आहे, तरी देवघेव कशी झाली यावरून भांडणे होत राहतात, आणि ती टाळायला सराफाची चिठ्ठी निकालापेक्षा जास्त उपयोगी पडते.

सदनिका दोघांच्या नावावर आणि गृहकर्जही दोघांच्या नावावर होते. घर पतींकडे राहील आणि हप्तेही तेच भरतील, असे आमचे ठरले, आणि माझ्या समजुतीप्रमाणे विषय तिथे संपत होता. मॅडमनी तो संपू दिला नाही. घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात पती-पत्नींनी आपसांत काहीही ठरवले तरी ते बँकेवर बंधनकारक नसते. मी सहकर्जदार म्हणून राहिले तर हप्ता थकल्यावर वसुलीचे पत्र मलाही येणार आणि माझी पत खराब होणार. त्यामुळे बँकेने मला कर्जातून मुक्त केल्याचे पत्र हातात आल्याशिवाय घरावरचा हक्क सोडणाऱ्या कोणत्याही दस्तावर सही करायची नाही, हे त्यांनी अटींत घातले. दस्त कोणत्या प्रकारचा करायचा हा प्रश्न मात्र त्यांनी स्वतः सोडवला नाही. महाराष्ट्रात निवासी मिळकत पती किंवा पत्नीला बक्षीसपत्राने दिल्यास मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये लागते, परंतु दस्ताच्या दिवशी ते नाते कायद्याने अस्तित्वात असावे लागते आणि बक्षीस विनामोबदला असावे लागते. मग आमच्या तडजोडीत तो दस्त बसतो की नाही, आणि हुकूमनाम्याआधी करायचा की नंतर, हे ठरवण्यासाठी त्यांनी आम्हाला केवळ मिळकतीचे दस्त करणाऱ्या एका ज्येष्ठ वकिलांकडे पाठवले. आपल्या विषयाची हद्द ओळखणारा वकील मला जास्त विश्वासार्ह वाटतो.

कालावधीबाबत लोकांच्या मनात फार गोंधळ असतो. अर्ज करण्यापूर्वी पती-पत्नी किमान एक वर्ष वेगळे राहत असले पाहिजेत, आणि अर्ज केल्यानंतर सहा महिने थांबून, पण अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा संमती सांगायची असते. अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या २०१७ च्या निकालानंतर हा सहा महिन्यांचा काळ माफ होऊ शकतो. परंतु त्यासाठी एका वर्षाखेरीज ते सहा महिनेही अर्जापूर्वीच उलटलेले असणे, समेटाचे प्रयत्न संपलेले असणे आणि पोटगी व ताब्याचे प्रश्न खऱ्या अर्थाने मिटलेले असणे, हे न्यायालय पाहते. पतींना घाई होती आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने ‘आता सहा महिने लागतच नाहीत’ असे सांगितले होते. आम्ही वेगळे राहून वर्षाहून थोडाच अधिक काळ झाला होता. मॅडमनी माफीचे आश्वासन देण्यास साफ नकार दिला आणि हा काळ अटी वापरून पाहण्यासाठी घ्यावा असे सुचवले. त्यांच्या सांगण्यावरून भेटीचे वेळापत्रक आम्ही अर्ज दाखल झाल्यापासूनच पाळू लागलो, आणि दुसऱ्याच महिन्यात लक्षात आले की शनिवारी सकाळी मुलाचा पोहण्याचा वर्ग असतो, वर्ग चुकला की मुलगा रडतो, आणि मग भेटीची सुरुवातच रुसव्याने होते. पुरसिस, म्हणजे न्यायालयाला लेखी निवेदन, देऊन ती वेळ दुपारी बारानंतरची करून घेतली. बँकेचे पत्रही याच काळात मिळाले. हा प्रतीक्षाकाळ कायद्याने का ठेवला असावा याविषयी वेगवेगळी मते आहेत आणि जिथे मारहाण असेल तिथे तो जाचकच आहे. आमच्यासारख्या मूल असलेल्या जोडप्याला मात्र त्याचा उपयोग झाला.

न्यायालयातील समुपदेशकांच्या भेटीला वकील सोबत येत नाहीत. संमती स्वखुशीची आहे ना, समेटाची शक्यता उरली आहे का, मुलाची व्यवस्था काय, हे समुपदेशक पती-पत्नी दोघांशी एकत्र आणि वेगवेगळे बोलून विचारतात. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने समेटाचा प्रयत्न करण्याची जबाबदारी न्यायालयावर टाकलेली आहे. मॅडमनी मला काय बोलायचे हे पढवले नाही. भेटीत काय विचारले जाते तेवढे सांगितले आणि ‘रडू आले तर रडा, त्याने अर्ज बिघडत नाही’ असे म्हणाल्या. हे वाक्य मला त्या दिवशी फार उपयोगी पडले.

आता उणिवा. दिवसा त्यांचा फोन लागत नाही, कारण त्या न्यायालयात असतात, आणि संदेशाला उत्तर यायला दोन-तीन दिवसही जातात. शांत प्रकरणात हे चालते. ज्या स्त्रीला रात्री घराबाहेर काढले आहे, तिला चालणार नाही, आणि अशा वेळी कुणाशी संपर्क साधायचा याची कोणतीही व्यवस्था त्यांच्या कार्यालयात नाही. मी हे त्यांना बोलून दाखवले आहे. एका तारखेला त्यांच्या कनिष्ठ सहकारी आल्या आणि त्यांच्याजवळ दुरुस्त केलेल्या अटींची प्रत नव्हती. पुकारा झाला आणि पुढची तारीख घ्यावी लागली. मला शाळेतून आणि पतींना हिंजवडीतून रजा काढून यावे लागले होते. त्या तारखेबद्दल नंतर दिलगिरी व्यक्त झाली, फी आकारली गेली नाही, पण गेलेला दिवस परत मिळाला नाही. तिसरी गोष्ट अशी की पहिला मसुदा इंग्रजीत होता. आपल्या जिल्हा पातळीवरील न्यायालयांची भाषा मराठी आहे, आणि ज्या कागदावर माझ्या मुलाचे पुढचे दहा-बारा वर्षांचे वेळापत्रक लिहिले जाणार तो आईलाही वाचता यावा, असा माझा आग्रह होता. मागितल्यावर मराठी मसुदा मिळाला आणि तो स्वच्छ, समजेल असा होता. मात्र तो मागावा लागू नये.

वकिलांची गरज प्रत्येकाला असतेच का, हा प्रश्न मी मॅडमनाच विचारला होता. कौटुंबिक न्यायालयात वकील देण्याचा पक्षकाराला हक्क म्हणून अधिकार नाही. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १३ प्रमाणे न्यायालयाच्या परवानगीने वकील उभे राहतात, आणि पक्षकाराला स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. मूल नाही, कर्ज नाही, मिळकत नाही आणि दोघांचेही मन ठरलेले आहे, अशा जोडप्याने एकदा सल्ला घेऊन अर्ज स्वतः चालवला तरी चालतो, असे त्यांचे उत्तर होते. माझे मत त्यापुढे एवढेच की मूल असेल तर अटींचा मसुदा तरी जाणत्या वकिलांकडून करून घ्यावा. ज्यांना फी परवडत नाही त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो, आणि १५१०० या दूरध्वनी क्रमांकावर त्याची चौकशी करता येते. मॅडमच्या बाहेरच्या खोलीत ही माहिती मराठीत लिहून लावलेली आहे, हेही नोंदवून ठेवते.

हुकूमनामा झाल्यावर त्यांचे काम संपले नाही. प्रमाणित नकला एकदम तीन काढून घ्या, असे त्यांनी सांगितले, आणि एका पानावर पुढची कामे लिहून दिली : भविष्य निर्वाह निधी, विमा आणि बँक खात्यांवरील नामनिर्देशन बदलणे, शाळेच्या नोंदीत दोन्ही पालकांचे संपर्क ठेवणे, मुलाच्या खर्चाची रक्कम नेहमी बँकेतूनच घेणे, रोखीने नाही. संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील चालत नाही; एखादी अट पाळली गेली नाही तर त्याच न्यायालयात दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करावी लागते. मुलाचा ताबा, भेट आणि शिक्षण यांविषयीच्या अटी मात्र परिस्थिती बदलल्यास हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली बदलून मागता येतात. पुढच्या वर्षी मुलगा पाचवीत जाईल, त्याची शाळा बदलण्याचा विचार आहे आणि नव्या शाळेच्या वेळा वेगळ्या असतील. त्याच्या वडिलांनी आणि मी मिळून नवे वेळापत्रक लिहून काढले आहे, आणि ते अटींत नोंदवून घेण्यासाठी आम्ही दोघेही याच मॅडमकडे जाणार आहोत. त्यांनी आम्हाला आधीच कळवले आहे की पतींनी या वेळीही मसुदा स्वतःच्या वकिलांना दाखवूनच यावे.